नीरोचे पाहुणे आणि पहिल्या अनुबोधपटाचा मान

इ. स. ६४ च्या जुलै महिन्यात रोम शहराला आग लागली. शहराच्या चौदा विभागांपैकी अवघे चार विभाग तिच्या तावडीतून सुटले. आग खुद्द सम्राटानेच लावली अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा नीरोने तो आळ ख्रिस्ती लोकांवर ढकलला. पुढे काय घडले ते टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. टॅसिटस आपल्या श्रद्धेचा मित्र नव्हे, त्याने तिची गणना घातक अंधश्रद्धांत केली आहे. तरीही त्याने हे नोंदवले की कित्येकांना श्वापदांची कातडी पांघरवून कुत्र्यांपुढे टाकण्यात आले, कित्येकांना क्रुसावर खिळण्यात आले, आणि दिवस मावळल्यावर रात्रीच्या उजेडासाठी कित्येकांना जाळण्यात आले. या तमाशासाठी नीरोने आपल्या बागा खुल्या करून दिल्या होत्या. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३० जून रोजी, ख्रिस्तसभा रोमच्या या पहिल्या रक्तसाक्षींचे स्मरण करते.

बागा खुल्या झाल्या म्हणजे पाहायला कोणीतरी आले असणार. टॅसिटसने त्या पाहुण्यांची यादी दिलेली नाही. आपणही प्रवचनांतून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतून जळणाऱ्यांविषयी ऐकले, जाळणाऱ्याविषयी ऐकले. पाहणाऱ्यांविषयी फारसे कोणी बोलले नाही. तो प्रश्न विचारला एका पत्रकाराने, आणि त्याचे निमित्त होते आपला विदर्भ. पालगुम्मी साईनाथ यांनी वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी बोलताना वारंवार विचारले की माणसांच्या मशाली पेटत असताना ज्यांना खाणेपिणे सुचत होते, ते नीरोचे पाहुणे कोणत्या मनोवृत्तीचे असतील? साईनाथ हे मद्रासच्या लोयोला महाविद्यालयाचे, म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंच्या संस्थेचे माजी विद्यार्थी. ही उपमा त्यांना तिथेच सुचली असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण वाचताना मला तो योगायोग आवडला, एवढे नोंदवतो.

याच प्रश्नावरून एका अनुबोधपटाला नाव मिळाले, 'नीरोज गेस्ट्स'. २००९ साली तो प्रथम दाखविला गेला. दिग्दर्शिका दीपा भाटिया. त्या संकलक म्हणून चित्रपटसृष्टीला ठाऊक होत्या. 'तारे जमीं पर' या २००७ सालच्या चित्रपटाचे संकलन त्यांचेच. दिग्दर्शनातले मात्र हे त्यांचे पहिले पाऊल. वर्षानुवर्षे साईनाथांच्या मागोमाग त्या विदर्भात फिरल्या, कापूस पिकविणाऱ्यांच्या घरांत गेल्या, जिथे नुकतेच माणूस गेले होते अशा ओसऱ्यांवर बसल्या. त्यातून उभा राहिलेला चित्रपट तासाभराहूनही कमी वेळाचा आहे.

यवतमाळच्या वाचकाला या चित्रपटाची पार्श्वभूमी समजावून सांगण्याची गरज नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ दत्तपूर येथे पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. महाराष्ट्रातील जाहीर नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती आज ओळखली जाते, आणि दर १९ मार्चला तिच्या स्मरणार्थ अनेक जण दिवसभराचा अन्नत्याग करतात. त्यानंतर वीस वर्षांनी, २००६ साली, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भाच्या दौऱ्यावर आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत त्यांनी जाहीर केली. दौऱ्याचा पहिला दिवस ३० जूनचा होता. त्या दिवशीच्या मिस्सात ज्यांचे स्मरण होते, ते कोण हे वर आलेच आहे.

त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या एका मोठ्या फॅशन सप्ताहाचे वृत्तांकन करायला पाचशेहून अधिक अधिकृत वार्ताहर होते आणि त्या सप्ताहाचा विषय होता सुती वस्त्रे. उलट तो कापूस पिकविणारे ज्या भागात मरत होते, तिथे बाहेरगावचे वार्ताहर एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते, असे साईनाथ सांगतात. 'नीरोज गेस्ट्स'चे मर्म या तुलनेत आहे. चित्रपट मरणाऱ्यांविषयी आहे खरा, पण त्याचा रोख पाहणाऱ्यांवर आहे.

येथे आपल्या घरातली एक गोष्ट सांगून टाकतो. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्तसभेचे दफन नाकारले जाई. १९८३ च्या संहितेतून आत्महत्येचा तो उल्लेख गळाला, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मानसिक व्यथा, भय वा यातना यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हे मान्य करून त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. त्यामुळे असा चित्रपट पाहताना आपल्या मागच्या पिढीला जो संकोच वाटला असता, तो आपल्याला वाटण्याचे कारण उरलेले नाही.

पहिलाच अनुबोधपट करणाऱ्याला वेगळा मान असावा काय, आणि तो कशासाठी, हा या लेखाचा विषय. त्यासाठी थोडे मागे जायला हवे. आणि मागे गेले की गाठ पडते ती मराठी माणसांशीच.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतले छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा जो चलच्चित्रांचा खेळ झाला, त्याने भारावून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. रचलेली कथा नाही, सोंग नाही. जे घडले ते टिपले. या अर्थाने भारतातला तो पहिला अनुबोधपट. पुढे १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून गणिताचा मोठा मान मिळवून परतले, त्यांचे मुंबईतले स्वागतही सावेदादांनी टिपले. गंमत पाहा, कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला परीक्षेतल्या पहिल्या क्रमांकाबद्दल हारतुरे मिळत होते आणि कॅमेऱ्यामागचा माणूस आपल्या क्षेत्रात पहिलाच असूनही त्याला हार घालायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुरस्कार द्यायला पुरस्कार नावाची गोष्टच तेव्हा नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये प्रभू येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या मनात राम आणि कृष्ण चालू लागले होते, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. ती कथा सर्वांना माहीत आहे. तिच्या पुढची कथा कमी सांगितली जाते. विलायतेहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कॅमेरा समोर रोवून दिवसामागून दिवस थोडी थोडी फीत फिरविली आणि दाण्याचा कोंब, कोंबाचा वेल होतानाचे दृश्य मिनिटभरात पडद्यावर आणले. 'अंकुराची वाढ' या नावाने ती फीत ओळखली जाते. भांडवल देणाऱ्यांची खात्री तिने पटविली. भारतीय चित्रपटाच्या जनकाची पहिली कृती एका बियाण्याविषयीची आहे, आणि ती कथापट नाही. कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मला ही गोष्ट विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. आमच्या पिढीने थिएटरात मुख्य चित्रपटाआधी जी कृष्णधवल रिळे पाहिली (आणि बहुतेकांनी शेंगदाणे खात पाहिली) ती या खात्याची. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले ते १९५३ सालच्या चित्रपटांपासून. कथापटांत आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले हे शाळकरी मुलेही सांगतील. पण अनुबोधपटांतले सुवर्णपदक त्या वर्षी 'महाबळेश्वर' या चित्रपटाला मिळाले हे क्वचितच कोणी सांगेल. त्याचे दिग्दर्शक जगत मुरारी पुढे पुण्याच्या चित्रपट संस्थेचे प्राचार्य झाले. म्हणजे पहिल्या वर्षीची दोन्ही सुवर्णपदके महाराष्ट्राच्या मातीतल्या विषयांकडे आली.

नवोदिताचा वेगळा विचार मात्र बऱ्याच उशिरा झाला. कथापटांसाठी पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार १९८० च्या चित्रपटांपासून दिला जाऊ लागला, नंतर त्याला इंदिरा गांधी यांचे नाव मिळाले आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या फेरबदलात ते काढण्यात आले. कथाबाह्य चित्रपटांच्या पदार्पणाचा पुरस्कार १९८० चे दशक संपता संपता आला. या कल्पनेमागचा विचार सोपा आहे. मुरलेल्या दिग्दर्शकाच्या पंक्तीला नवख्याला बसविले तर त्याच्या पानात काही पडत नाही. म्हणून त्याचे पान वेगळे मांडायचे. शिवाय अनुबोधपटाला तिकीटखिडकी नसते. कथापट चालला तर दुसरा चित्रपट मिळतो. अनुबोधपट उत्तम झाला तरी दुसऱ्यासाठी पुन्हा उंबरे झिजवावे लागतात. अशा वेळी पुरस्काराची रक्कम आणि नाव हाच काय तो दुसऱ्या चित्रपटाचा आधार.

मराठी माणसांनी या पुरस्कारावर आपली मुद्रा उमटविली आहे. ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा मान नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या'ला मिळाला. करमाळा तालुक्यातील जेऊरचा हा तरुण; शाळेची ओढ असलेल्या, पण परिस्थितीने शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची ही छोटी गोष्ट. तीन वर्षांनी 'फँड्री'साठी त्यांना कथापटाच्या पदार्पणाचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच माणसाचे दोनदा पदार्पण व्हावे आणि दोन्ही वेळा त्याचा राष्ट्रीय सत्कार व्हावा, ही घटना विरळाच. त्यानंतर ६३ व्या पुरस्कारांत निशांत रॉय बोंबार्डे यांचा 'दारवठा', ६७ व्या पुरस्कारांत राज प्रीतम मोरे यांचा 'खिसा'.

अभिमान वाटावा अशी ही नावे आहेत, आणि तरीही येथे माझी एक तक्रार आहे. 'पिस्तुल्या', 'दारवठा', 'खिसा' हे तिन्ही लघुकथापट आहेत. त्यांत पटकथा आहे, अभिनय आहे, रचलेला प्रसंग आहे. 'कथाबाह्य' या सरकारी शब्दाच्या छत्रीखाली लघुकथापट आणि अनुबोधपट एकत्र उभे केले जातात, आणि पदार्पणाचा पुरस्कार या दोघांत मिळून एकच. खऱ्या माणसाच्या खऱ्या दुःखाजवळ वर्षभर थांबून राहणाऱ्या नवोदिताला, उत्तम रचलेल्या पंधरा-वीस मिनिटांच्या गोष्टीशी स्पर्धा करावी लागते. दोन्ही श्रमांना मान असावा. पण ते श्रम एका जातीचे नव्हेत. अनुबोधपटाने ही स्पर्धा कधीच जिंकली नाही असे नाही. ६२ व्या पुरस्कारांत तीन तरुण दिग्दर्शकांच्या 'गूंगा पहलवान'ला हा मान मिळाला. वीरेंद्र सिंह या कर्णबधिर मल्लाची ती खरीखुरी कहाणी. सावेदादांची हँगिंग गार्डनमधली कुस्ती आणि हा आखाडा यांत शतकाहून अधिक काळ गेला; कॅमेरा पुन्हा मातीत उतरला आणि या वेळी कॅमेऱ्यामागच्या नवख्यांना हार मिळाला.

मुंबईचा अनुबोधपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० साली सुरू झाला. त्यात पदार्पण करणाऱ्या दिग्दर्शकासाठी महाराष्ट्र शासनाच्या सौजन्याने दिला जाणारा पुरस्कार दादासाहेब फाळके चित्रनगरीच्या नावाने ओळखला गेला. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात बहुधा 'राजा हरिश्चंद्र' असेल. मला मात्र ते नाव वाचताना कुंडीतला वाटाणा आठवतो. परदेशातही अशी उदाहरणे आहेत. कान महोत्सवात २०१५ पासून अनुबोधपटांसाठी 'सुवर्णनेत्र' हा पुरस्कार दिला जातो. तो सर्वांसाठी खुला आहे, नवोदितांसाठी राखीव नाही. २०२१ मध्ये तो पायल कपाडिया यांच्या पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटाला मिळाला, 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'ला. त्या पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या विद्यार्थिनी आणि त्या संस्थेतील विद्यार्थ्यांचा २०१५ चा संप हा त्यातला एक धागा.

पुरस्कारांच्या या जगाशी ख्रिस्तसभेचा संबंध फार जुना आहे. आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटना १९२८ साली स्थापन झाली. २००१ मध्ये ती नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या भगिनी संघटनेशी एकरूप होऊन 'सिग्निस' झाली, आणि मोठमोठ्या महोत्सवांत कॅथलिक परीक्षक आपला वेगळा पुरस्कार देत आले. पोप अकरावे पायस यांच्या १९३६ च्या परिपत्रकात चित्रपटाविषयीची सावधगिरी अधिक होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या समाजसंपर्क माध्यमांवरील हुकूमनाम्यात सूर बदललेला दिसतो. चांगल्या चित्रपटांना पाठबळ कसे द्यावे हे सांगताना त्यात जाणत्या समीक्षेबरोबर पुरस्कारांचाही स्पष्ट उल्लेख आहे. भारतात या वाटेने चाललेले नाव म्हणजे कॅनडाहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू गास्तों रोबेर्ज. १९७० मध्ये त्यांनी कोलकात्यात 'चित्रबाणी' हे केंद्र उभारले. सत्यजित राय यांचे त्यांना सहकार्य होते. राय यांचा पहिलावहिला चित्रपट 'पथेर पांचाली' कथापट होता, पण १९५६ मध्ये कानच्या परीक्षकांनी त्याला जो मान दिला त्याचे शब्द होते 'सर्वोत्तम मानवी दस्तऐवज'. अनुबोधपटाची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

आता पुन्हा विदर्भाकडे येऊ. 'नीरोज गेस्ट्स'ला भारतीय अनुबोधपट निर्मात्यांच्या संघटनेने सुवर्ण पुरस्कार दिला. तो पदार्पणासाठी नव्हता. जुन्याजाणत्यांच्या पंक्तीतच त्या पहिल्या चित्रपटाला पान मिळाले. विदर्भातील आत्महत्यांवरील 'कॉटन फॉर माय श्राउड' या नंदन सक्सेना व कविता बहल यांच्या चित्रपटाला ५९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट शोधपर चित्रपटाचा मान मिळाला. मिका पेलेड या परदेशी दिग्दर्शकाने आपल्या जिल्ह्यातील तेलंगटाकळी या गावी राहून 'बिटर सीड्स' हा चित्रपट २०११ साली पूर्ण केला, आणि ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. वाटाण्याच्या दाण्यापासून निघालेला प्रवास असा 'कडू बियाण्या'पर्यंत आला.

ही यादी करताना हात जड होतो. राष्ट्रीय पुरस्कारांत आता सुवर्णकमळासोबत तीन लाख रुपये आणि रौप्यकमळासोबत दोन लाख रुपये दिले जातात. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला २००६ च्या शासन निर्णयाने ठरविलेली मदत एक लाख रुपयांची, त्यांतले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेव म्हणून. तीही मृत्यू 'पात्र' ठरला तर. म्हणजे येथेही एक परीक्षक मंडळ बसते. ही तुलना दिग्दर्शकांवर अन्याय करणारी आहे हे मला कळते. त्यांनी कोणाचे काही हिरावलेले नाही, उलट पदरचे घातले आहे, आणि ते आले नसते तर कित्येक ओसऱ्यांपर्यंत कोणीच आले नसते. तरीही ज्या घरात माणूस गेला त्या घराच्या दारात उभे राहून नवोदिताने आपला पहिला चित्रपट करावा, तेव्हा त्या घराने आत येऊ दिले ही गोष्ट मानपत्रात कुठेतरी लिहिली जावी असे मला वाटते. दीपा भाटियांनी ती ओळखली असावी. त्यांचा कॅमेरा रडणाऱ्या चेहऱ्याकडून वळतो आणि प्रेक्षकाला प्रश्न विचारतो. पहिल्याच चित्रपटात हे सुचणे, हे मला त्या पुरस्काराहून मोठे वाटते.

'बिटर सीड्स'मध्ये एक मुलगी आहे. तिच्या वडिलांनी आत्महत्या केलेली. तिला पत्रकार व्हायचे आहे. घरच्यांचा कल नसतानाही ती शेजारपाजारच्यांना प्रश्न विचारत फिरते, लिहून घेते. चित्रपटाचा दिग्दर्शक परक्या देशातला आणि मुरलेला. पण त्या चित्रपटातली खरी नवोदित तीच. आणि जानेवारी २०१९ मध्ये आपल्या यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. निमंत्रित उद्घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्यावर जे वादळ उठले ते सर्वांना आठवत असेल. अखेर उद्घाटनाला व्यासपीठावर आल्या वैशाली येडे, कळंब तालुक्यातील राजूरच्या, एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी. 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केले होते. त्या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवांची कहाणी विधवा स्त्रिया स्वतःच रंगमंचावर सांगत. इतकी वर्षे ज्यांच्यावर कॅमेरे रोखले गेले, त्या बोलत होत्या आणि समोर साहित्यिक, मंत्री, आमच्यासारखे रसिक असे सारे पाहुणे बसून ऐकत होते.

येत्या ३० जूनला संध्याकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात 'नीरोज गेस्ट्स' दाखवावा असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. पडदा आहे, प्रक्षेपक एक शिक्षक आणणार आहेत. इंग्रजी संवाद न कळणाऱ्यांसाठी मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगावे लागेल; ते काम दोन महाविद्यालयीन मुलींनी अंगावर घेतले आहे. मिस्सानंतर सभागृहात चहा-बिस्किटे ठेवण्याचा आमचा जुना रिवाज आहे. त्या दिवशी ती ठेवावीत की नाही, यावर अजून एकमत झालेले नाही.